लाइट गेली की माशांचं काय? फिशटँकसाठी बॅकअप आणि विजेची सुरक्षा

अबोली_नाशिक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

गेल्या बुधवारी संध्याकाळी आमच्याकडे वळवाचा पाऊस झाला. तारांवर झाड पडलं आणि साडेसातला गेलेली लाइट पहाटे साडेचारला आली. घरी इन्व्हर्टर नाही. उकाडा इतका होता की आम्ही सगळे गच्चीवर जाऊन झोपलो. सकाळी खाली येऊन बघते तर सात गोल्डफिशपैकी चार पाण्यावर आडवे. चारही सगळ्यात मोठे, चार वर्षं जपलेले. उरलेले तीन लहान वर तोंड काढून धापा टाकत होते. माझी मुलगी तिसरीत आहे, तिनं एकेकाला नाव ठेवलं होतं. दोन दिवस ती त्या खोलीत फिरकली नाही.

टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. आत पॉवर फिल्टर, बाहेर एअर पंप, दुकानदारानं थंडीसाठी दिलेला हीटर (तो बाराही महिने आतच असतो) आणि वर एलईडी लाइट. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर. बोर्ड टाकीखालच्या कपाटात, म्हणजे दिसत नाही.

विचारायचं हे की इन्व्हर्टर घ्यावा, की फक्त टाकीपुरतं काही मिळतं? आणि अशी रात्र पुन्हा आली तर हातानं काय करता येतं?

आणखी एक, बहुधा महत्त्वाचं नाही: पाणी बदलताना हात आत घातला की कधीकधी बोटांना झिणझिण्या येतात. अनवाणी असले तर जास्त. घरात सगळीकडे एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारे स्विच) आहेत, त्यामुळे काळजीचं काही नसावं.

गप्पीदादा

अबोलीताई, वाचून फार वाईट वाटलं. चार वर्षांचा गोल्डफिश म्हणजे घरातलाच एक झालेला असतो.

काय घडलं ते सांगतो, म्हणजे पुढचं ठरवायला सोपं जाईल. मासे फिल्टर बंद पडला म्हणून लगेच मरत नाहीत, ते गुदमरून मरतात. पाण्यात प्राणवायू शिरतो तो वरच्या पृष्ठभागातून. एअर पंपाचे बुडबुडे स्वतः फार थोडा प्राणवायू देतात, त्यांचं मोठं काम खालचं पाणी वर आणून पृष्ठभाग हलता ठेवण्याचं. ते थांबलं की पाणी निपचित पडतं.

त्यात मे महिना. २० अंशाच्या एक लिटर गोड्या पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच. आणि गरम पाण्यात माशांची गरज मात्र वाढलेली असते. मोठ्या माशाला जास्त लागतो, म्हणून मोठे आधी जातात. तुमच्याकडे नेमकं तेच झालं.

दुसरं थोडं कठोर आहे, राग मानू नका. तुमच्या मापाची टाकी काठोकाठ भरली तरी सव्वाशे लिटरची. सात गोल्डफिशना ती अपुरीच. दाटी असली की लाइट गेल्यावर हाताशी वेळच उरत नाही.

टाकीपुरतं साधन मिळतं. रिचार्जेबल एअर पंप मागा. तो कायम प्लगला लावून ठेवायचा, लाइट गेली की आतल्या बॅटरीवर आपोआप सुरू होतो. 'आपोआप' हा शब्द दुकानात दोनदा विचारून घ्या. काहींना बटण दाबावं लागतं आणि लाइट जाते तेव्हा आपण झोपेत असतो.

जयू

रिचार्जेबल पंपाला +१. आमच्याकडे तीन वर्षं आहे. फक्त महिन्यातून एकदा प्लग काढून बॅटरी उतरू द्यावी. कायम चार्जिंगला राहून पहिली बॅटरी वर्षातच बसली होती, आणि ते कळलं लाइट गेल्यावर.

हिशोबनीस

इन्व्हर्टरचं गणित मांडतो.

१२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-अवर. वाटेत होणारी गळती आणि बॅटरी पूर्ण उतरवायची नाही हे धरलं तर निम्म्यावर, म्हणजे ९०० वर भरवसा ठेवावा. फिल्टर १५ वॉट, एअर पंप ४ वॉट, इन्व्हर्टर स्वतः खातो ते १५ धरू. झाले ३४. नुसती टाकी चालवली तर २६ तास निघतात.

पण नुसती टाकी कोण चालवतं? तीन जुने पंखे लावले की प्रत्येकी ७५ वॉटनं २२५ वाढले, आणि २६ तासांचे साडेतीन झाले. तुमची लाइट नऊ तास गेली होती. तेव्हा इन्व्हर्टर घेतलात तरी पंखे बीएलडीसी घ्या (कमी वीज खाणारे, ३० वॉटच्या आसपास), आणि रात्री एकच पंखा लावून सगळे एका खोलीत झोपा.

हीटर इन्व्हर्टरवर नकोच. शंभर-दोनशे वॉटचा असतो, बॅटरी गिळतो. आणि इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्या. स्क्वेअर वेव्हवर हे छोटे पंप घरघरतात आणि तापतात.

मीनाक्षी_ठाणे

आमच्याकडे पॉवर बँकेवर चालणारा यूएसबी एअर पंप आहे, एक वॉटचा. १०,००० एमएएचची पॉवर बँक चोवीस तास तरी ओढते. एकच सावधगिरी: काही पॉवर बँका फारच कमी करंट ओढला जातोय असं दिसलं की 'फोन भरला' समजून स्वतःच बंद होतात. घेतल्या दिवशीच तास-दोन तास लावून बघा.

फेज_न्यूट्रल

मंडळी, बॅकअपचं गणित जरा बाजूला ठेवा.

अबोलीताई, तुमचा शेवटचा परिच्छेद मी तीनदा वाचला. तुम्ही ज्याला महत्त्वाचं नाही म्हणता तेच या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. पाण्यात करंट उतरतोय. हे वाचत असाल तर आत्ता उठा. हात कोरडे, पायात चप्पल. कपाटातल्या बोर्डाला हात लावू नका, तो ओला असू शकतो. त्या खोलीचा एमसीबी खाली पाडा, मग भिंतीतून एक्स्टेंशनची पिन काढा. तोवर टाकीत कुणीही बोट घालायचं नाही. मुलीला तर त्या खोलीतच जाऊ देऊ नका.

मी २६ वर्षं वायरिंगची कामं करतोय, कोल्हापूर-सांगली भागात. 'एमसीबी आहेत म्हणजे काळजी नाही' हे वाक्य मी अशा घरांतही ऐकलंय जिथं नंतर रडारड झाली. १० अँपिअरचा एमसीबी वायर वाचवतो. शॉर्ट सर्किट झालं, लोड जास्त झाला तर पडतो. माणसाला झिणझिण्या येतात साधारण १ मिलिअँपिअरला. १० च्या पुढे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू हातातून सुटत नाही. ३० च्या वर, थोडा जास्त वेळ गेला तर, हृदयाचा ठोका बिघडतो. ३० मिलिअँपिअर म्हणजे ०.०३ अँपिअर. दहा अँपिअरची वाट बघणाऱ्या एमसीबीला ते कळतही नाही.

माणूस वाचवणारा तो आरसीसीबी. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला का, हे तो सतत मोजतो. मधेच ३० मिलिअँपिअर कुठं गळाले (पाण्यातून, तुमच्या अंगातून, जमिनीत) की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडतो. ३० मिलिअँपिअरचाच घ्या. १०० किंवा ३०० चे मिळतात ते माणसासाठी नव्हेत. वर आयएस १२६४० हा मानक क्रमांक बघा.

अनवाणी असताना जास्त जाणवतं म्हणालात ना? करंट तुमच्यातून फरशीत जातोय, त्याचाच तो पुरावा.

अबोली_नाशिक

काका, तुमचा प्रतिसाद वाचला आणि तशीच उठले. एमसीबी पाडला, पिन काढली. हात थरथरताहेत अजून. लेक रोज दोन्ही हात आत घालून माशांना खाऊ द्यायची, 'गुदगुल्या होतात' म्हणायची. मला वाटायचं, मासे बोटं चोखतात म्हणून.

आता उरलेल्या तीन माशांना हवा कशी देऊ? आणि पाण्यात करंट होता तर मासे कसे जगले?

गप्पीदादा

ताई, घाबरू नका. पिन भिंतीतून निघाली आहे तोवर पाण्यात हात घालायला हरकत नाही. स्टीलचा तांब्या घ्या, टाकीतलंच पाणी भरून घ्या आणि फूट-दीड फुटावरून धारेनं परत टाकीत सोडा. दहा मिनिटं असं करा, मग अर्ध्या-पाऊण तासानं पुन्हा. झाकण काढून ठेवा. तीनच मासे उरलेत, एवढ्यावर रात्र निघेल. खाणं अजिबात देऊ नका. खाल्लं की त्यांना प्राणवायू जास्त लागतो आणि घाणही वाढते. धडधाकट गोल्डफिश चार-पाच दिवस उपाशी आरामात राहतो.

जमलं तर चौथा हिस्सा पाणी बदला, पण नळाचं पाणी अँटी-क्लोरीनचे थेंब टाकूनच. बोअरचं असेल तर आधी दोन बादल्यांत वरखाली करून घ्या. जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो.

फेज_न्यूट्रल

मासे कसे जगले: तारेवर पक्षी बसतो तसंच. पक्ष्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, करंटला त्याच्यातून जाऊन दुसरीकडे पोचायला वाट नसते. मासा पाण्यात पूर्ण बुडालेला, काच वीज वाहून नेत नाही, म्हणून त्यालाही ती वाट मिळत नाही. ती वाट आपण हात घालून करून देतो. तेव्हा 'मासे मजेत आहेत, म्हणजे पाण्यात करंट नाही' असं कधी धरू नका.

उद्या वायरमन बोलवा आणि दोन गोष्टी स्वतः उभं राहून करून घ्या. एक, ज्या सॉकेटला बोर्ड लावता तिथं अर्थिंग खरोखर आहे का, हे मीटरनं मोजायला लावा. तीन भोकं दिसतात म्हणून तिसऱ्याला वायर असतेच असं नाही. दोन, टाकीतली वस्तू एकेक करून तपासा. माझा संशय हीटरवर.

जुना_मासेवाला

थोडं वेगळं मत मांडतो. ३० वर्षं मासे पाळतोय, एका वेळी नऊ टाक्या होत्या. आरसीसीबी बसवला आणि त्यानंच माझे मासे मारले. पावसाळी दमट हवा, कुठल्या तरी होल्डरमध्ये ओल शिरली, रात्री दोनला पडला. आम्ही बाहेरगावी. घरात लाइट नाही हे शेजाऱ्यांना कसं कळणार? त्यांच्याकडे होती ना! परतलो तर तीन टाक्या गेल्या होत्या. तेव्हापासून काढून टाकलाय. टाकीत हात घालण्याआधी पिना काढायच्या, हा माझा नियम. तो पाळला तर आरसीसीबी लागत नाही.

फेज_न्यूट्रल

मासेवालेसाहेब, तीन टाक्यांचं दुःख मी समजतो. पिना काढायचा नियमही शंभर टक्के बरोबर, आरसीसीबी असला तरी तो पाळावाच. पण तुम्ही पाळाल. घरात आलेला पाहुणा, त्याचं पाच वर्षांचं पोर, काच पुसायला आलेल्या ताई पाळतील का? नियम ज्याला माहीत आहे त्यालाच वाचवतो.

आणि त्या रात्री आरसीसीबीनं खरी गळती पकडली होती. तो काढल्यावर ओल गेली नाही, फक्त सांगणारा गेला.

पण तुमचा मूळ मुद्दा खरा आहे, त्यावर उपाय आहे. अख्ख्या घराला एकच आरसीसीबी असेल तर गिझरपासून वॉशिंग मशीनपर्यंत कुणामुळेही टाकी बंद पडते. टाकीच्या लाइनला वेगळा द्या.

गप्पीदादा

आणि एअर पंप टाकीच्या आरसीसीबीवर नकोच! रिचार्जेबल पंप दुसऱ्या लाइनवरच्या सॉकेटला लावा, तीही आरसीसीबीच्या छत्राखाली असू द्या. पंप पाण्याबाहेर असतो, आत जाते ती नुसती नळी आणि बुडबुडे सोडणारा दगड. मग हीटर-फिल्टरची लाइन पडली तरी हवा चालू, आणि घराची लाइट गेली तरी बॅटरीवर हवा चालू. मासेवालेसाहेब, असं असतं तर तुमच्या तीन टाक्या वाचल्या असत्या.

मात्र पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, शेल्फवर. खाली असेल तर पंप थांबला की नळीतून पाणी उलट ओढलं जातं आणि पंपातून थेट बोर्डावर. जागाच नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. वीस-तीस रुपयांची वस्तू. दिशा बघून बसवा, उलटा बसला तर हवाच येणार नाही.

जुना_मासेवाला

गप्पीदादा, दोन लाइनींचं हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. पटलं. करून बघतो.

दूरदेशी (ह्यूस्टन)

आमच्याकडे स्वयंपाकघर, न्हाणीघर अशा पाण्याजवळच्या जागी जीएफसीआय लागतो. आरसीसीबीचाच प्रकार, पण ५ मिलिअँपिअरच्या आसपास तुटतो.

बॅकअपचा माझा अनुभव अगदी उलट्या टोकाचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासभर हिमवादळ आलं आणि वीजव्यवस्था कोलमडली. आमच्या घरातलं तापमान दोन दिवसांत १० अंशांवर आलं. टाकीत डिस्कस मासे, त्यांना २८ अंश लागतात. नवऱ्यानं गॅसवर पाणी तापवून बाटल्यांत भरलं, दर दीड तासाला दोन बाटल्या टाकीत तरंगत ठेवायच्या. चारी बाजूंनी रजया गुंडाळल्या, वर थर्माकोल. सासूबाईंची गोधडीही गुंडाळली, त्यांनी आनंदानं दिली. तापमान २३ च्या खाली गेलं नाही आणि एक सोडून सगळे वाचले.

इथं बरेच जण टाकीत टायटॅनियमची अर्थिंग सळई सोडतात. अबोलीताईंना चालेल का?

फेज_न्यूट्रल

सळई आरसीसीबी असेल तरच. दोन्ही असले तर हीटर फुटताक्षणी करंट सळईतून अर्थला जातो, आरसीसीबी तिथंच पडतो, कुणी हात घालायच्या आधीच दोष कळतो. आरसीसीबी नसताना नुसती सळई टाकली तर मगाशी म्हटलं ती वाट आपणच पाण्यातून कायमची उघडून दिली. करंट चोवीस तास वाहणार, माशांच्या भोवतीनं. आणि घराचं अर्थिंग खोटं असेल तर सळई नुसती शोभेची. तेव्हा आधी अर्थिंग, मग आरसीसीबी, सळई शेवटी. नसली तरी चालेल.

सुपारीबाग

मी श्रीवर्धनचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या अंगावरच आलं. माड, पोफळी, खांब सगळं आडवं. आमच्या वाडीत वीज यायला महिना लागला. महिनाभर कुठला इन्व्हर्टर आणि कुठली पॉवर बँक पुरणार? पहिले दोन दिवस तर घरावर कौलं नव्हती, माशांकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

चौथ्या दिवशी टाकीतले मासे उचलून वाडीतल्या सिमेंटच्या हौदात सोडले. हौद उथळ, पसरट, वर आंब्याची सावली आणि आत शेवाळ. गप्पी आणि मॉली सगळे जगले, वाढलेसुद्धा. दोन गुरामी होते, तेही राहिले. ते वर येऊन हवा घेतात. फायटर माशाचंही तसंच. बंद फिशटँकमध्येच राहिलेल्या बार्बपैकी एकही उरला नाही.

त्यानंतर माझ्या टाकीत कायम मावतील त्याच्या निम्मेच मासे असतात. पाणी भरपूर, मासे थोडे. ज्यांच्याकडे वीज दिवसेंदिवस जाऊ शकते त्यांना माझं हेच सांगणं.

पाणवनस्पती

सुपारीबाग, वाचताना काटा आला. हौदाची कल्पना मनात ठेवली.

लाइट गेल्यावर काय, हे सगळ्यांनी लिहिलं. लाइट *आल्यावर* काय, ते कुणी लिहिलं नाही, आणि माझे मासे त्यातच गेले. पुण्यात आमच्या भागात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते. एका गुरुवारी दहा तास गेली. बाहेरचा कॅनिस्टर फिल्टर तितका वेळ बंद होता. लाइट आली, तो आपोआप सुरू झाला आणि नळीतून पिवळट-काळं, कुजकट वासाचं पाणी टाकीत. दहा तास तग धरलेले टेट्रा नंतरच्या दोन तासांत मेले.

फिल्टरमधले चांगले जिवाणू अमोनिया खातात, पण त्यांनाही प्राणवायू लागतो. बंद डब्यात वाहतं पाणी थांबलं की आहे तेवढा ते संपवतात आणि मरायला लागतात. मग सडणं सुरू होतं. म्हणून दोन-तीन तासांहून जास्त लाइट गेली तर मी कॅनिस्टरची पिन काढून ठेवते. लाइट आल्यावर डबा उघडून आतलं पाणी फेकते, स्पंज आणि रिंगा टाकीतल्याच पाण्यात हलकेच विसळते (नळाखाली कधीच नाही, क्लोरीननं उरलेले जिवाणूही जातात) आणि मगच सुरू करते. पुढचे आठ दिवस खाणं कमी आणि अमोनिया एक दिवसाआड तपासायचा.

एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर टाकीत जोडीला ठेवला तर हा धोका खूप कमी होतो. बॅटरीवरच्या पंपाला नुसता दगड लावण्यापेक्षा स्पंज फिल्टर लावा. हवाही मिळते आणि जिवाणूही जगतात.

पाणवनस्पतीवाल्यांसाठी: अंधारात झाडंही प्राणवायू घेतात. भरगच्च लावलेली टाकी रात्रीच्या लाइट जाण्याला जास्त हळवी असते. झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) हातानं सोडत असाल तर लाइट गेल्याबरोबर आधी ती बंद करा.

ऊन्ह_नागपूर

आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश. हीटरचं नाव काढलं तर लोकं हसतात. लाइट गेली की कूलर बंद, खोली तापते, टाकी तापते. मी एक लिटरच्या दोन बाटल्या बर्फ करून फ्रीजरमध्ये ठेवूनच राहतो. झाकण बंद बाटली पाण्यावर तरंगत ठेवायची, एका वेळी एकच. पाणी एकदम थंड केलं तर मासे त्यानंच आजारी पडतात, तासाला एखाद-दोन अंश उतरलं तर ठीक. ओलं फडकं काचेवर टाकून वारा घातला तरी फरक पडतो.

बाकी गोल्डफिश थंड पाण्याचा मासा आहे. त्याला नाशकात हीटर कशाला दिला दुकानदारानं?

गप्पीदादा

अगदी बरोबर! हे मीच आधी विचारायला हवं होतं. गोल्डफिशला घरातल्या थंडीत हीटर लागत नाही. निफाडला पारा पाचाखाली गेला तरी नाशकातल्या बंद घरात टाकीचं पाणी त्याला सोसेल इतकं राहतं. अबोलीताई, तो हीटर बाहेर काढा आणि परत घालू नका.

तन्मय_डोंबिवली

माझा एक प्रश्न. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे आणि मेन बोर्डात आरसीसीबीसुद्धा आहे. म्हणजे लाइट गेल्यावरही मी सुरक्षित ना?

फेज_न्यूट्रल

फार चांगला प्रश्न. बहुतेक घरांत उत्तर 'नाही' असं असतं. मेनचा आरसीसीबी इन्व्हर्टरच्या *आधी* बसतो. लाइट गेली की घर बॅटरीवर, आणि बॅटरीकडून टाकीकडे जाणाऱ्या लाइनवर कुणाचंच लक्ष नाही. म्हणून इन्व्हर्टरच्या पुढं, टाकीच्या लाइनला वेगळा आरसीसीबी पाहिजे. वायरमनला सांगा की इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल वेगळा ओढ, दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलशी जोडू नको. तो एकत्र झाला की आरसीसीबी कारण नसताना पडत राहतो आणि मग लोक कंटाळून काढून टाकतात. बसवल्यावर बॅटरीवर असतानाही तो तुटतो का, ते त्याच्याकडून तपासून घ्या. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. पडला नाही तर बदला.

आणखी एक. बॅटरी टाकीखालच्या बंद कपाटात ठेवू नका. पाणी घालायची लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. मोकळ्या हवेत ठेवा.

एक्स्टेंशन बोर्डही कपाटात नको. भिंतीवर, टाकीच्या बाजूला, पाणी सांडलं तरी पोचणार नाही इतक्या उंचीवर स्क्रूनं बसवा. टाकीतून येणारी प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळीसारखी लोंबू द्या आणि मग वर पिनेकडे न्या. वायरवरून ओघळलेला थेंब त्या झोळाच्या तळाशी टपकतो, पिनेत शिरत नाही. याला रुपयाही लागत नाही.

जयू

आत्ताच जाऊन आमच्या वायरींना झोळ देऊन आले. एक पिन खरंच ओलसर होती.

मीनाक्षी_ठाणे

अवांतर: अबोलीताई, उरलेल्या तिघांची नावं काय आहेत? माझ्या मुलानं विचारलंय. आमच्याकडच्या माशांची नावं इडली, चटणी आणि सांबार. सांबार सगळ्यात लाल.

अबोली_नाशिक

आज सहा दिवसांनी लिहितेय, सगळं झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

वायरमन दुसऱ्याच दिवशी आले. सॉकेट उघडलं तर तिसऱ्या भोकाला वायरच नव्हती. घर घेतल्यापासून अकरा वर्षं आम्ही ते अर्थिंग समजत होतो. मग हीटर. वरच्या टोपणाशी काचेला केसाएवढा तडा, आत पाणी शिरलेलं. मागच्या वर्षी पाणी बदलताना तो चालू असतानाच उघडा पडला होता आणि मी तसाच परत बुडवला होता. गरम काचेला गार पाणी लागून तडकला असणार, असं ते म्हणाले. थर्मोस्टॅट बंद असला तरी पिन लावलेली असल्यामुळे फेज तड्यापर्यंत येतच होता.

आता अर्थिंगची वायर मेनपासून नवी ओढली. मेन बोर्डात घराला एक आणि टाकीच्या लाइनला एक, असे ३० मिलिअँपिअरचे दोन आरसीसीबी. बोर्ड भिंतीवर आला, वायरींना झोळ दिले. हीटर मोडून फेकला, कुणी उचलून वापरू नये म्हणून. रिचार्जेबल पंप वरच्या शेल्फवर, दुसऱ्या लाइनवर, त्याला स्पंज फिल्टर. इन्व्हर्टर सध्या घेत नाही. हिशोबनीसांचं गणित बघून ठरवलं की आधी पंखे बदलू.

काल रविवारी आम्ही मुद्दाम मेन स्विच सहा तास बंद ठेवला. पंप आपोआप सुरू झाला. लेकीनं वहीत दर तासाला लिहिलं: 'मासे खाली आहेत', 'मासे खाली आहेत', 'बुडबुडे चालू'. चौथ्या तासाला बुडबुडे थोडे मंदावले, पण सहाव्यापर्यंत चालले. लाइट आल्यावर मी फिल्टर धुऊन मगच लावला.

ती खोलीत परत यायला लागली आहे. हात घालण्याआधी पिना काढायच्या हे आता तीच मला बजावते. मीनाक्षीताई, तिघांची नावं मोगरा, ढोल आणि पिंट्या. तिला नवे चार आणायचेत. आणावेत का?

गप्पीदादा

आत्ता नको. या टाकीला तीन गोल्डफिशच पुष्कळ आहेत, हे तिघे मोठे झाले की हीही त्यांना लहान पडेल. सुपारीबागेनं सांगितलेलं तिला वाचून दाखवा. आणखी हवेच असतील तर खिडकीशी, थेट ऊन येणार नाही अशा जागी मातीची पसरट कुंडी, थोडी पाणवनस्पती आणि सहा गप्पी. त्याला पंपही लागत नाही.

फेज_न्यूट्रल

ताई, चौथ्या तासाला बुडबुडे मंदावले म्हणालात. तुमची लाइट नऊ तास गेली होती. पुढच्या रविवारी नऊ तासांची चाचणी घ्या, जमलं नाही तर पॉवर बँकवाला दुसरा पंप जोडीला ठेवा. आणि लेकीच्या वहीत आणखी एक रकाना आखा: दर महिन्याच्या एक तारखेला 'टी' बटण दाबलं का. दाबायचं तिनंच, तुम्ही शेजारी उभ्या राहून.

अबोली_नाशिक

रकाना आखला, काका. एक तारीख रविवारी आहे.